नाव काय घालायचं?

दुसरी ताकीद आली तेव्हा सायली कुटे दिनेशच्या सायबर कॅफेत बसली होती आणि लाइट जायला जेमतेम पाव तास उरला होता. दोन हजार सातचं साल, नाशिकरोडला लोक तेव्हा लोडशेडिंगवर घड्याळ लावायचे. म्हणून दिनेश तिच्या खुर्चीमागे उभा राहून भराभरा वाचत होता, आणि इंग्रजीतलं एकेक वाक्य मराठी करून सांगत होता.

"तुमच्या फोटोत विक्रेत्याचं नाव, पत्ता किंवा फोन नंबर आढळला. हे नियमाविरुद्ध आहे. वस्तू काढून टाकलीय. ही दुसरी ताकीद. तिसऱ्या वेळी खातं कायमचं बंद."

"फोन नंबर? कुठाय फोन नंबर?"

दिनेशनं फोटो उघडला. तांब्या होता, सायलीच्या आईच्या लग्नातला, अक्षराचा नमुना म्हणून टाकलेला, चिंचेनं घासून घासून लखलखीत केलेला. पोटावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेलं, सौ. वत्सला रंगनाथ कुटे, सायखेडा, १२-५-१९७८.

"मोज," दिनेश म्हणाला. "एक, दोन, पाच, एक, नऊ, सात, आठ. किती झाले? सात. नाशिकचा फोन नंबर किती आकडी?"

"सात."

"झालं मग. तुझ्या आईचं लग्न म्हणजे त्यांच्या लेखी लँडलाइन आहे. तिकडे बसणाऱ्याला मराठी कुठं वाचता येतंय!"

एरवी सायली खुर्चीवरून पडेपर्यंत हसली असती. पण आज हसू आलं नाही, कारण नियमच असा होता की फोटोत नाव नको, आणि सायली विकायची ते नावच.

तर ऐका, तिचं काम असं. भांड्यांवर नाव घालायचं. लग्नाची भांडी, बारशाची वाटी, मुंजीचा ताम्हण-पळीचा सेट, कुणाच्या स्मरणार्थ देवळाला दिलेली समई. त्यावर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, तारीख. तिचे वडील रंगनाथ भांडी बाजारात एका दुकानाच्या पायरीवर ते पेनासारखं मशीन घेऊन आयुष्यभर बसले. गिऱ्हाइकानं भांडं पुढं केलं की पहिला प्रश्न, "नाव काय घालायचं?" आणि मशीन टेकवायच्या आधी नाव गिऱ्हाइकाला परत वाचून दाखवायचं, हा त्यांचा कडक नियम. एकदा कोरलं की पुसत नाही. वडील गेले आणि सायली त्याच पायरीवर त्याच मशीनसमोर बसली. अक्षर बापापेक्षा सुंदर. पण बाजारच बसत चालला होता. लोक आहेर म्हणून घड्याळं द्यायला लागले, बंद खोक्यातले डिनर सेट द्यायला लागले, त्यावर नाव कुठं घालणार?

तेव्हा दिनेशनंच सुचवलं होतं, दुकानगल्ली नावाची साइट आहे, तिथं टाक. तिनं टाकलं. आणि काय झालं माहितेय? पुण्याच्या आज्या, ठाण्याच्या मावश्या, बंगळूरला नोकरीला गेलेली पोरं, सगळ्यांना एकदम नावाची भांडी आठवली. नातवाच्या बारशाला चांदीचा मुलामा दिलेली वाटी, तिच्यावर नाव. बहिणीच्या लग्नाला डबा, त्यावर "दादाकडून". माल पोचला की लोक तारे द्यायचे, चांगलं लिहायचे. दोन वर्षांत सायलीच्या खात्यावर तारेच तारे. आता तेवढ्यावरच घर चालायचं, तिचं आणि आईचं. तारे नसले तर अनोळखी माणसाला आगाऊ पैसे कोण पाठवेल? खातं गेलं की तारे गेले, तारे गेले की पुन्हा त्या पायरीवर बसून माश्या मारा.

"आणि हे बघ," दिनेश म्हणाला. त्यानं दुसरं पान उघडलं. स्टील सम्राट. दिल्लीकडचा मोठा विक्रेता, हजारो वस्तू. दर फोटोवर लाल अक्षरात दुकानाचं नाव आणि त्याखाली मोबाइल नंबर, शेवटचे चारही आकडे पाचच. लांबून ओरडल्यासारखा मोठा.

"याला ताकीद नाही?"

"याला कोण देतंय? याचं कमिशन बघ ना किती जात असेल त्यांना."

सायलीनं तिथल्या तिथं तक्रार टाकली. दिनेश स्पेलिंग सांगत होता. उत्तर दहा मिनिटांत आलं, म्हणजे कुणी वाचलंच नसणार. नियम सर्व विक्रेत्यांना सारखेच लागू आहेत. इतर विक्रेत्यांबाबत आम्ही माहिती देऊ शकत नाही. धन्यवाद.

"याचा प्रिंट काढ. आणि सम्राटच्या पानाचा पण काढ."

प्रिंटरनं सम्राटचा कागद अर्धा बाहेर काढला आणि लाइट गेली. दिनेशनं कागद ओढून घेतला आणि अंधारातच म्हणाला, "तुझ्या भावाला सांग ना जरा. एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसला बसून वीज काय घरी नेतो का?"

आता हा भाऊ. किशोर. त्याचं यात सगळ्यात जास्त पणाला लागलं होतं, आणि ते तेव्हा कुणाच्याच लक्षात नव्हतं.

सायलीच्या घरी माळ्यावर दोन पोती भांडी होती. आईनं, वत्सलाबाईंनी, ती सायली शाळेत असल्यापासून एकेक करून जमवलेली. पराती, डबे, कळशी, ताटं. सायलीच्या लग्नाची. आणि ज्या घरात दिवसभर दुसऱ्यांची नावं कोरली जायची, त्या घरातली ही सगळी भांडी कोरी. कारण काय, तर पोरीच्या भांड्यांवर नाव घालायचं ते सासरचं. ते ठरल्याशिवाय मशीन टेकवायचं नाही. भांडी बाजारातली रीतच ती, सायलीनं स्वतः कितीतरी आयांना सांगितलेलं, "काकू, थांबा, मुलाचं आडनाव कळू दे, मग या."

साइटवर खातं उघडायची वेळ आली तेव्हा बँकेचं खातं लागत होतं, पॅन कार्ड लागत होतं. सायली म्हणाली माझं काढू. वत्सलाबाई म्हणाल्या, "आन् उद्या लगीन झाल्यावर? आडनाव बदललं की सगळं परत करायचं का? तुझा दादा हाय ना. त्याचं नाव काय बदलनारे?" सायलीला ते अगदी बरोबर वाटलं. कोऱ्या भांड्यांसारखंच वाटलं. म्हणून दुकानगल्लीवर विक्रेता कोण, तर किशोर रंगनाथ कुटे.

तर दुसरी ताकीद आली आणि घरात धावपळ सुरू झाली. वत्सलाबाईंनी युक्ती काढली, टिकल्या लावू. खरंच, त्यांनी आपल्या पाकिटातल्या मोठ्या लाल टिकल्या काढून डब्यावरच्या नावावर चिकटवल्या. फोटोत डबा देवी आल्यासारखा दिसायला लागला.

"आई, हे काय विकतोय आपण? टिकल्या?"

"मंग काय करू गं बाई मी? मला सुचंल ते करते."

नावाशिवाय फोटो टाकले तर विचारणा एकदम थांबली. साधा डबा काय, कुठंही मिळतो. रोज सायली दिनेशकडे जायची, रोज रिकामी पेटी बघून यायची, आणि रोज परत येताना वाटायचं, आत्ता या क्षणी कुणीतरी आपलं पान बघत असेल, खातं बंद करायला बोट उचलून बसलं असेल. मशीन हातात धरलं की अक्षर वाकडं यायचं.

मग तिला एक कल्पना सुचली. कुणाचंच नाव नको. तिनं एका नव्या डब्यावर इतकं सुरेख कोरलं, आणि कोरलं काय, तर "तुमचं नाव इथे". ना नाव, ना गाव, ना आकडा. आता काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी खातं बंद.

तीन शब्द, मराठीत लिहिलेले, तिकडच्या माणसाला एवढंच दिसलं की फोटोत काहीतरी लिहिलंय. सायली पडद्याकडे बघत राहिली. तारे होते त्या जागी एक राखाडी चौकोन. दिनेशनं पुन्हा स्टील सम्राटचं पान उघडायला घेतलं, तर ते सापडेना. सायलीच्या जिवात जीव आला, म्हणजे त्यालाही काढलं! पण दिनेश हुशार. त्यानं सम्राटच्या एका कढईचं नाव टाकून शोधलं आणि म्हणाला, "हे बघ. नाव बदललंय फक्त. किचन महाराजा. फोन नंबर तोच, चार पाचवाला. तारे पण तेच."

"प्रिंट काढ," सायली म्हणाली. कशाला हवा ते तिलाही माहीत नव्हतं. राग आला की ती प्रिंट काढायला लागली होती.

ललिता बोरस्ते वकील सीबीएस स्टँडजवळ एका छोट्या खोलीत बसायच्या. त्यांच्या भाचीच्या लग्नाचे डबे सायलीनंच कोरलेले, तेवढीच ओळख. सायलीनं सगळं एका दमात सांगितलं, मधे श्वासही घेतला नसेल, आणि शेवटी म्हणाली, "मॅडम, सगळ्यांना समान वागणूक असा कायदा आहे ना आपल्याकडे?"

"आहे, पण तो सरकारपुढे. खासगी कंपनीला तो दाखवलास तर म्हणतील, आमचं दुकान, आमची मर्जी." सायलीचा चेहरा पडला तसं त्या म्हणाल्या, "रडू नकोस लगेच. करार आणलायस का त्यांचा? तो ज्यावर सगळे न वाचता टिचकी मारतात तो?"

दिनेशनं सगळा छापून दिला होता. ललिताताईंनी चष्मा वर सारून वाचला, मग पेन्सिलीनं दोन ओळी अधोरेखित केल्या.

"हे बघ. त्यांनीच लिहिलंय, नियम सर्व विक्रेत्यांना सारखे लागू राहतील. आणि खातं बंद करण्याआधी विक्रेत्याचं म्हणणं ऐकू. ऐकलं?"

"नाही."

"दर विक्रीमागे कमिशन घेतात?"

"घेतात."

"म्हणजे पैसे घेऊन सेवा देतात आणि स्वतःच्या शब्दाला जागत नाहीत. सेवेतली त्रुटी. ग्राहक मंचात जायचं. ते म्हणतील आमच्या गावच्या कोर्टात या, म्हणू दे, घडलंय नाशकात. ते म्हणतील ही व्यापारी आहे, ही ग्राहक कसली. त्याचंही उत्तर आहे. स्वतःच्या हातानं कष्ट करून पोट भरण्यासाठी सेवा घेतली असेल, तर कायदा तुला ग्राहक मानतो. तू नोकर ठेवलेत? गोडाऊन आहे? नाही ना? मग तुझ्यासारखी केस शोधून सापडायची नाही." त्यांनी कोरा कागद ओढला. "खातं तुझ्याच नावावर आहे ना?"

सायली टेबलावरचे कागद सारखे करायला लागली.

"कुणाच्या नावावर आहे?"

"दादाच्या."

"दादा काय करतो?"

"एकलहऱ्याला, पॉवर हाऊसला. पर्मनंट."

ललिताताईंनी पेन खाली ठेवलं. "अगं देवा."

मग त्यांनी सांगितलं. मार्ग होता. खातं एकाचं आणि त्याच्या संमतीनं वापर दुसऱ्याचा, तर त्या दुसऱ्यालाही तक्रार करता येते. पण किशोरनं प्रतिज्ञापत्रावर सही करून सांगायला पाहिजे, की खातं माझ्या नावावर आहे, धंदा बहिणीचा आहे. आणि पर्मनंट नोकरीवाल्याच्या नावावर धंद्याचं खातं, हे एकदा मंचाच्या कागदावर आलं की त्याच्या ऑफिसात पोचायला कितीसा वेळ?

सायली आईला घेऊन एकलहऱ्याच्या कॉलनीत गेली तेव्हा किशोर नुकताच ड्यूटीवरून आला होता. वहिनीनं, मोहिनीनं, गॅलरीत वाळत घातलेले कपडे झटकून आत आणले, पॉवर हाऊसच्या राखेची सवय असते तिकडे. सायलीनं चहा संपायच्या आत सांगून टाकलं, नाहीतर धीर गेला असता.

किशोरनं कप खाली ठेवला तो बशीत सांडला.

"तुला कळतंय का काय मागतेस? नोकरीला लागताना लिहून दिलंय मी, दुसरा धंदा करणार नाही म्हणून. खुलासा मागतील. इन्क्रीमेंट थांबवतील. उद्या काढलं तर?"

"पण दादा, धंदा तू करतच नाहीस."

"ते तुला माहीत, मला माहीत. कागदावर कोण आहे? मी! त्या दुकानगल्लीला बहीणबिहीण काही दिसत नाही."

"आन् तेव्हा मीच म्हनले तुझं नाव लाव," वत्सलाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. डोळ्याला पदर लावलेला. "माझंच चुकलं. पोरीचं नाव टिकत नाय म्हनून पोराचं लावलं, आन् पोराचंच गोत्यात आलं."

"आई, तू गप बस जरा."

"त्यांना का गप करता?" मोहिनी आतून कपडे घड्या घालताघालता म्हणाली. "दर महिन्याला चेक तुमच्या खात्यात येतो, तुम्ही काढून ताईंना देता. बँकेत सगळं दिसतंय. आज नाही तर उद्या कुणीतरी बघणारच आहे. तेव्हा काय सांगणार, भूत विकत होतं डबे?"

किशोर उठून आंघोळीला निघून गेला. बादलीचा आवाज येत राहिला, बराच वेळ, पाणी संपलं तरी तो बाहेर येईना. सायली आणि आई निघाल्या. रिक्षात आई एकदाच बोलली, "नको गं त्याला अजून तान दिऊ. जाऊ दे ते खातं." आणि सायलीला वाटलं, हो, जाऊ दे. मग ती पायरी डोळ्यांसमोर आली आणि तिला रडूच फुटलं.

आठवडा गेला. सायलीनं दादाला फोन केला नाही. दादानंही केला नाही. मशीनच्या आवाजानं तिचं डोकं दुखायला लागलं होतं.

रविवारी स्कूटरचा आवाज आला. किशोर आत आला तो बूटही न काढता. खिशातून दोन कागद काढले. एक प्रतिज्ञापत्र, सही केलेलं. दुसरं त्याच्या ऑफिसचं.

"मी स्वतःच गेलो साहेबांकडे," तो म्हणाला. चेहरा ताप आल्यासारखा. "मोहिनी म्हणाली ते डोक्यातून जाईना. सांगितलं सगळं खरं. त्यांनी ऐकून घेतलं, वाचून घेतलं, आणि हे दिलं."

सायलीनं वाचलं. खातं एका महिन्याच्या आत आपल्या नावावरून काढावं, नाहीतर पुढची कारवाई होईल.

"आता मला सांग," किशोर म्हणाला, "ते खातं उघडलं तरी माझ्या नावावरच उघडणार ना? मग मी ते बंद करणार. म्हणजे तू भांडतेयस कशासाठी?"

सायलीनं दोन्ही कागद प्रिंट्सच्या पिशवीत घातले. ललिताताईंनी तक्रार दाखल करून जवळची तारीख मिळवली, तरी दादाचा प्रश्न तसाच होता.

आणि तो दिवस. ग्राहक मंचाच्या बाहेरचा व्हरांडा, बाकांवर कुणी फ्रिजवाला, कुणी विम्यावाला, सगळ्यांच्या मांडीवर फाइली. सायलीच्या मांडीवर तिच्या प्रिंट्सची पिशवी. शेजारी आई, पलीकडे किशोर, रजा टाकून आलेला, सारखा घाम पुसत. ऑफिसनं दिलेल्या महिन्यातले फार थोडे दिवस उरले होते.

कंपनीचा वकील मुंबईहून आलेला. तरुण, सूट, हातात दोन मोबाइल. नाव पुकारलं गेलं, सगळे आत गेले. तो उभा राहिला आणि काय गोड बोलला म्हणून सांगू!

"साहेब, कंपनीला वाद वाढवायचा नाही. सद्भावना म्हणून आम्ही खातं पुन्हा सुरू करतो. जुने तारे, जुने शेरे, सगळ्यासकट. तक्रारदारांनी तक्रार मागे घ्यावी, एवढंच."

खोलीत एक सुस्कारा ऐकू आला. तो आईचा होता. ललिताताई सायलीकडे वळल्या. मंचाचे अध्यक्ष चष्म्यावरून बघत होते. "काय बाई, मान्य आहे?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं तिनं. खरंच. एवढ्या दिवसांचं ओझं एका अक्षरानं उतरणार होतं. मग तिनं दादाकडे पाहिलं. तो खाली बघत होता, दोन्ही हातांनी गुडघे धरून, परीक्षेचा निकाल ऐकायला बसलेल्या पोरासारखा.

"कुणाच्या नावावर?" सायलीनं विचारलं.

"म्हणजे?" मुंबईचा वकील.

"खातं कुणाच्या नावावर सुरू करणार?"

"अर्थात खातेदाराच्या. किशोर कुटे."

"ते माझ्या नावावर करून द्या. ताऱ्यांसकट."

वकील हसला, वाईट नाही, पण हसला. "मॅडम, तसं होत नाही. खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, नियम आहे. तुम्ही नवीन खातं उघडा ना, मोफत आहे."

"नवीन म्हणजे शून्य तारे."

"नियम सर्व विक्रेत्यांना सारखेच आहेत, मॅडम."

आणि ते वाक्य! अगदी शब्दशः तेच, लाइट जायच्या आधीचं. सायलीनं पिशवीत हात घातला. आधी चुकीचाच कागद हाती आला, टिकल्या लावलेल्या डब्याचा, तो तिनं घाईनं परत कोंबला. मग दोन सापडले. अर्धाच छापलेला, लाइट गेली तेव्हा ओढून काढलेला, स्टील सम्राट. आणि पूर्ण छापलेला, किचन महाराजा. तिनं ते शेजारीशेजारी टेबलावर ठेवले.

"साहेब, हे आधीचं दुकान, हे नंतरचं. नाव वेगळं. तारे बघा, तेच आहेत."

"दोन वेगळे विक्रेते असतील," वकील म्हणाला. "एकच कशावरून?"

"फोन नंबर बघा ना," सायली म्हणाली. "दोन्ही फोटोंवर लाल अक्षरात तोच नंबर आहे. जो टाकायचा नाही असा तुमचा नियम आहे तो. माझ्या आईच्या लग्नाची तारीख तुम्हाला फोन नंबर वाटली म्हणून मला ताकीद दिली, पुढं खातंच बंद केलं. यांचा खरा नंबर तुम्हाला दिसलाच नाही. बरं, नसेल दिसला. पण यांचं नाव बदललं तेव्हा तारे राहिले, मग माझ्या वेळी का नाही?"

अध्यक्षांनी दोन्ही कागद उचलले, एकावर एक धरले, पुन्हा वेगळे केले. शेजारच्या सदस्य बाई वाकून बघायला लागल्या. बघताबघता त्यांचं बोट त्या चार पाचांवर जाऊन थांबलं.

"वकीलसाहेब," अध्यक्ष म्हणाले, "हा नियम कुठं लिहिलाय ते दाखवा. आणि यांना तो का लागला नाही तेही लेखी द्या. पुढची तारीख घ्यायची, की इथंच काही बोलणार आहात कंपनीशी?"

पुढची तारीख म्हणजे दादाचा महिना संपला. किशोरनं डोळे मिटून घेतले.

वकिलानं कागदांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "दहा मिनिटं द्या, साहेब."

तो व्हरांड्यात गेला. हे तिघंही बाहेर आले, ललिताताई मागोमाग. त्याची पाठ दिसत होती नुसती, येरझाऱ्या घालणारी. "नाही सर... दोन्ही प्रिंट आहेत त्यांच्याकडे... हो सर, फोटोवर नंबर स्पष्ट आहे... नाही, लेखी द्यायला सांगितलंय..." मग बराच वेळ नुसतं "हं, हं." सायली त्याच्या प्रत्येक "हं"चा अर्थ लावत होती आणि प्रत्येक अर्थ वेगळा निघत होता. आईनं तिचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली.

"तो नाय म्हनला तर?" आई पुटपुटली.

"तर मी खातं बंद करतो," किशोर म्हणाला. मग हातातली फाइल बगलेत धरत, "आणि रोज संध्याकाळी पायरीवर येऊन हिच्याशेजारी बसतो. गिऱ्हाइकं बोलवायला."

"तुझ्याकडं बघून असलेली पन पळतील," आई म्हणाली, आणि तिघांनाही हसू आलं, वाईट हसू, मधेच तुटणारं.

तेवढ्यात वकील वळला. फोन कानालाच होता. चालत जवळ आला, खिशातून पेन काढलं, किशोरकडची फाइल मागून घेतली आणि तिच्या पुठ्ठ्यावर पेन टेकवलं.

"तिकडे विचारतायत," तो म्हणाला. "नाव काय घालायचं?"

सायलीला एकदम कळेचना. हा प्रश्न तिचा होता. ती विचारायची, आणि लोक सांगायचे. तिला कुणी कधी विचारला नव्हता.

"सायली..." आई घाईनं म्हणाली, आणि पुढं आडनावापाशी अडली. वर्षानुवर्षं अडत आली होती तशीच. तिनं लेकीकडं पाहिलं.

"सायली रंगनाथ कुटे," सायली म्हणाली.

वकिलानं इंग्रजीत एकेक अक्षर फोनवर सांगितलं, पुठ्ठ्यावर लिहून घेतलं, आणि पेन खिशाला लावायला गेला.

"थांबा," सायली म्हणाली. "परत वाचून दाखवा."